सी लार्बींच्या पोटावरचं ग्रहण

तेतुआन,
ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी

ट्यूनिसनिवासी आदरणीय मामा यांस,

तुमच्या उजव्या हाताला ओठ लावून भाचा मफद्दल याचे सलाम. तुमचा दमा कसा आहे? मामींचे गुडघे? इथे आई मजेत आहे, यंदाची ऑलिव्हं मुरत घातली आहेत. मी मजेत नाही. पण हरलेलोही नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पत्र अर्ध्यावर टाकून उसासे सोडत बसाल.

मशिदीचे मुख्य वेळपाल सी लार्बी (त्यांच्या हाताखाली मी नमाजाच्या वेळा काढतो) यांच्या मुलीशी, बतूलशी, मला लग्न करायचं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अब्बा गेल्यापासून माझ्या बाजूने बोलायला कोणी नाही, म्हणून मी गणिताला बोलायला लावलं. तुम्ही पाठवलेलं सूर्यचंद्राच्या गतीचं कोष्टक घेऊन बसलो आणि काढलं, की या महिनाअखेरीस, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजाच्या वेळी, सूर्याचा तीन बोटं लचका जाणार. (अख्खा सूर्य बारा बोटांचा धरायचा, हे तुम्हाला काय सांगायचं!) सी लार्बींच्या आजोबांच्या कोष्टकात असं काहीच नव्हतं, म्हणजे आकाशाने तसं काही करायचं नाही. शेवटी कारंज्यापाशी चार माणसांदेखत ते म्हणाले, "माझ्या उंबऱ्याच्या आतलं असो की बाहेरचं, ज्याचा हिशेब खरा ठरेल, बतूलच्या लग्नाचं तो ठरवेल. आणि तुझा चुकला, तर मुलगी राहू दे, माझ्या घड्याळालाही हात लावायचा नाहीस."

मी त्यांना समजवायला गेलो होतो हो. दिव्यासमोर भाकरी धरली. माझ्या गादीवरून बघितलं तर भाकरीने दिव्याचा चतकोर झाकला जात होता, त्यांच्या गादीवरून काहीच नाही. दिवा तोच, भाकरी तीच. कुठे बसून बघता यावर सगळं! चंद्राचं नेमकं हेच, आणि अर्धवट ग्रहणाच्या गणितातला सगळा घाम इथेच गळतो. सी लार्बींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि भाकरी खाल्ली.

काल असरला सगळं गाव गच्च्यांवर. सूर्याचं प्रतिबिंब बघायला परातींत पाणी भरलेलं, ग्रहणाच्या नमाजासाठी लोकांनी हातपाय धुतलेले. आणि सूर्य? अख्खा! गोल! कुठे ओरखडासुद्धा नाही. भट्टीवाला हम्मू ओरडला, "अरे मफद्दल, तीन बोटं कुणाची म्हणालास?" मामा, मला वाटलं, परातीतच जीव द्यावा, पण पाणी घोट्याइतकंच होतं.

सी लार्बी मिनारापाशी उभे राहून पोट धरून हसत होते. पोट म्हणजे ऐवजच. त्याच्या पलीकडचं त्यांना स्वतःला कित्येक वर्षांत दिसलेलं नाही. एवढ्यात बायकांच्या गच्चीवरून बतूलचा खणखणीत आवाज आला, "बा, हसताय ते बरंय, पण ग्रहण तुम्ही अंगावर घेऊन फिरताय!"

सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्या पांढऱ्या पायघोळ जेलाब्यावर, बरोबर पोटावर, मेंदीने काढलेले पाच-सहा सूर्य, प्रत्येकाचा एकाच बाजूने लचका तोडलेला. दुपारी जेवून ते अंगणात संत्र्याच्या झाडाखाली घोरत पडले होते. पानांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पोटावर पडले, ग्रहण लागल्यावर तेही कुरतडले गेले, आणि बतूलने मेंदीच्या काडीने एकेक गिरवून ठेवला. ग्रहण झालं होतं मामा, पण ऐन वामकुक्षीत. हम्मूने बोट लावून मापलं, तर लचका चतकोरच निघाला. त्याने गुदगुल्या झाल्या, ते सी लार्बींना अजिबात आवडलं नाही.

हम्मूचा हात झटकून त्यांनी जेलाबा सारखा केला. मग म्हणाले, "ग्रहण झालं, म्हणजे मी चुकलो. असरला झालं नाही, म्हणजे तूही चुकलास." आणि जिना उतरून गेले. पण मी मागे हटणाऱ्यांतला नाही. पुढचं ग्रहण मी काढणार, वेळेसकट काढणार. केस पांढरे झाले तरी बेहत्तर.

तुमचा आज्ञाधारक,
मफद्दल

ता. क. तुमच्या कोष्टकाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'ट्यूनिससाठी' असं लिहिलेलं आज दिसलं. म्हणजे मी सूर्य तुमच्या गच्चीवरून बघत होतो! भाकरी हातात घेऊन जगाला शिकवणारा मी, आणि स्वतःच भलत्या गादीवर. हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

पुन्हा ता. क. पत्र बंद करत होतो, तेवढ्यात बतूलची मावशी येऊन गेली. मी बतूलला तिच्या हाती प्रेमपत्र म्हणून सगळं गणितच पाठवलं होतं (दुसरं काही सुचेना). बतूलने ते तपासलं, तेतुआनसाठी नव्याने मांडलं, आणि खऱ्या वेळेला मेंदी कालवून बापाशेजारी बसली. मग मला आधी का नाही कळवलं? तिचा निरोप असा: "कळवलं असतं, तर तुमचा हिशेब खरा ठरला असता आणि माझ्या लग्नाचं तुम्ही ठरवलं असतं. आता मी ठरवलंय." सी लार्बी शब्दाला बांधलेले आहेत, आणि जेलाब्यावरची मेंदी तीन धुण्यांत निघालेली नाही.

तेव्हा मामा, दमा असो की नसो, पहिल्या जहाजाने या. मागणी घालायला नको, ती मलाच आली आहे. आमच्या बाजूने होकार द्यायला कोणीतरी वडीलधारं लागतं.