परक्या दुनियेतला मेंढपाळ

आबा, काल दुपारी एका जपानी कार्टूनवरून मी मैत्रिणींशी भांडले आणि ते भांडण तुमच्यापर्यंत येऊन पोचलं, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही म्हणाल, पदवी घेतलेल्या पोरीला हे काय सुचलं. सुचलं. रविवार होता. शहरातल्या छावणी भागात आमच्या भाड्याच्या खोलीत आम्ही तिघी लॅपटॉपपुढे बसलो होतो, आणि असलं काही मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

गोष्ट अशी, की ऑफिसात काम करणारा एक माणूस जिन्यावरून घसरून मरतो आणि वेगळ्याच दुनियेत जागा होतो. तिथं राक्षस आहेत, जादूगार आहेत, झाडावर बसणारे मासे आहेत. येईल त्याला एक विद्या मिळते. कुणाला तलवारीची, कुणाला आगीची. याला मिळते मेंढरं वळायची. दरबार हसून लोळतो, राजाचा मुकुट खाली पडतो. मुकुट पडला तेव्हा मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण शहरातच वाढलेली माझी मैत्रीण उशी कुटत म्हणाली, "क्या यार, मरून पण मेंढरंच! याच्यापेक्षा मेलेलाच बरा होता ना!"

"माझे वडील मेंढरंच वळायचे," मी म्हणाले. आजवर मी दोघींना 'घरी शेती आहे' एवढंच सांगितलं होतं.

"अगं, मला काय माहीत! पण विद्या कसली त्यात? मागं मागं चालायचं ना नुसतं?"

मग मी त्यांना हौदाची गोष्ट सांगितली. दौलताबादच्या खालचा तो माळ, जिथं आता प्लॉटचे दगड रोवलेत. दुष्काळात तिथं टँकरनं एकच हौद भरायचे. मी सहा-सात वर्षांची आहे. तुमची मेंढरं आणि खुलताबादकडून आलेल्या दुसऱ्या मेंढपाळाची मेंढरं पाण्यावर तुटून पडतात, एकमेकांत मिसळून जातात. मला रडू फुटतं, आता आपली कोणती? तुम्ही दोघं मात्र निवांत तंबाखू मळताय. पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही माळाच्या या टोकाला जाता, तो त्या टोकाला. तुम्ही हाळी देता. पहिल्या आवाजाला सगळ्या माना वर होतात, दुसऱ्याला आपली तेवढी निघतात. काठी न उचलता कळप मधोमध फाटतो.

त्या संध्याकाळी मी म्हटलं होतं, "आबा, मला शिकवा ना." तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवलात. "नाय माय. हे तुला लागायचं नाय. तू पुस्तक धर, लई शीक." पुन्हा विचारलं तर आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाहीत. मी शिकले. घरातली पहिली पदवी माझी. तरीही आज तोंडावर सांगते, तुम्ही चुकलात. पुस्तक आणि हाळी, दोन्ही एका तोंडात मावली असती. लोक तुमच्या कामाला हसायचे याचा मला राग येतो. पण त्याहून जास्त राग याचा येतो, की तुम्हीही त्यांचंच खरं मानलंत.

"मग देऊन दाखव की हाळी," तीच मैत्रीण म्हणाली. तिला खरंच ऐकायची होती. मी खिडकीत उभी राहिले, छातीभर श्वास घेतला आणि दिली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. खालून घरमालकीण ओरडली, "क्या हुआ गे छोरियों?" मैत्रिणीनं दंडावरचा काटा दाखवला. मग आम्ही उरलेला भाग पाहिला. पुढचेही सगळे बघणार आहे, कुणी पोरकट म्हटलं तरी.

हे वहीतच राहील, टाकायला पत्ता नाही. एवढंच सांगायचं होतं, की हाळीतला पहिला आवाज तुमचाच होता. दुसरा मला आठवतच नाही. ऐन वेळी मी मनानंच एक जोडला, आणि दोघींना सांगितलं, माझे आबा अश्शीच द्यायचे.