सलीलची स्वयंपाकघरातली शाळा

४ ऑगस्ट

बँकेने सलीलला आग विझवण्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. एस्प्लनेडच्या ऑफिसातून आला तो बूटही न काढता थेट ओट्यापाशी! खिडकीचा पडदा काढला. तेलाचा डबा गॅसपासून लांब नेला. मग माझ्या गाऊनच्या घोळदार बाह्यांकडे बघून म्हणाला, "आधी या पेटतील." वीस वर्षांत नवरा पहिल्यांदा माझ्या कपड्यांवर काही बोलला — आणि ते हे!

६ ऑगस्ट

आज तोंडी परीक्षा. "तेल पेटलं तर?" — झाकण ठेवायचं, गॅस बंद करायचा. "आणि पाणी?" — मुळीच नाही, भडका उडतो. तीनदा म्हणवून घेतलं, पाढे म्हणवतात तसं. स्वतःला चहा धड जमत नाही!

९ ऑगस्ट

फर्मान — घरात तळण कायमचं बंद! मंगळवारी अंगारकी. बदलीवर डमडमला आल्यापासून मी दर संकष्टीला साबुदाणा वडे करते; खालच्या मजल्यावरच्या बंगाली मावशी, मासिमा, वाट बघत असतात. माझ्या स्वयंपाकघरात मलाच मनाई? चालू देणार नाही. म्हटलं, "मग रोजचा स्वयंपाकही तूच कर." पेपरात तोंड खुपसलं. जिंकले!

११ ऑगस्ट

साबुदाणा भिजवला. त्याच्या नाकावर टिच्चून.

१२ ऑगस्ट, अंगारकी

शेंगदाण्याचं तेल ऐनवेळी संपलं. मासिमांनी मोहरीचं दिलं. उपासाला चालतं का — गणपती बघून घेईल. बंगाली लोकांत हे तेल धूर निघेपर्यंत तापवतात, म्हणून मीही तापवलं. मग आच कमी करून ते निवू द्यायचं असतं, हे मला कुठलं माहीत! त्यात साबुदाण्यात पाणी राहिलेलं. पहिलाच वडा फुटला, तेल ज्योतीवर उडालं आणि कढई पेटली.

आणि आमचे तज्ज्ञ? दाराची चौकट धरून उभे, पांढरेफटक. मीच गॅस बंद केला, कढईवर परात झाकली. विझलं.

मनगटावर चांगलाच चटका बसला. मासिमा टूथपेस्ट घेऊन धावत आल्या, "लागिये दाओ, बौमा!" — म्हणजे लाव गं, सूनबाई. तेव्हा कुठे साहेब जागे झाले. "पेस्ट नको!" म्हणून ओरडला आणि माझा हात नळाखाली धरला. वीस मिनिटं. सोडेचना. मी म्हटलं, "अरे, लग्नात तरी एवढा वेळ धरला होतास का?"

तर रडायलाच लागला.

१३ ऑगस्ट

सकाळी एकदम म्हणाला, "आईच्या पेटलेल्या कढईत पाणी मी ओतलं होतं. आठ वर्षांचा होतो."

सासूबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते. मी नवीन सून असताना त्यांनी मला स्वतःच सांगितलं होतं, हसत — "अगं, मीच धांदरट, कढई कलंडवली." जाईपर्यंत सगळ्यांना तेच सांगत राहिल्या.