गॅलरीतला स्पीकर आणि तुमचे चार फोन

घोडपदेव, मुंबई
मंगळवार

ती. बुधाजीमामांना भाच्याचा वाकून नमस्कार,

तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का, आणि मामीचं खोकल्याचं औषध संपलं की मामीने ते ओतून संपवलं, हे कळवावे. इकडे सर्व ठीक. तुमचे चार फोन बाबांनी उचलले नाहीत, त्याचा खुलासा करायला हे पत्र लिहायला घेतलं आहे; पण आधी एक अभिमानाची गोष्ट सांगतो (खुलासा तिच्यातच आहे).

मी घरात साउंड सिस्टीम बसवली. वायरमन न बोलावता. एक स्पीकर आत देव्हाऱ्याशेजारी, दुसरा बाहेर गॅलरीत, बाबांच्या खुर्चीच्या वर. रे रोडच्या वखारीत तीस वर्षं लाकूड मोजलेला माणूस मी. स्पीकर असा लेव्हलमध्ये बसलाय की वर पाण्याचा थेंब ठेवला तर जागचा हलणार नाही. अडचण एकच, आवाजाचं बटण एक आणि ऐकणारे दोन ठिकाणी. रस्त्यावरच्या ट्रकांतून बाबांना ऐकू जाईल एवढं मोठं केलं की आत मांडणीवरचे पेले थरथरायचे, आणि रुपालीला (तुमच्या सूनबाईला) सोसेल एवढं बारीक केलं की बाबा बाहेरून विचारायचे, बंद पडलं का.

दोन रविवार झटल्यावर मला ‘बॅलन्स’ नावाचं दुसरं बटण सापडलं. ते उजवीकडे फिरवलं की बाहेर मोठं, आत बारीक. मी तिथे पेन्सिलीने खूण केली आणि अख्ख्या मजल्याला बोलावलं. उद्घाटनाला तुम्ही पाठवलेल्या पेनड्राइव्हवरचं आपल्या मंडळाचं भजन लावलं, गिरणी चालू असतानाच्या पूजेतलं. गायला तुम्ही, पखवाजावर बाबा.

मामा, तुमचा आवाज गॅलरीत असा भरला की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. मी दारात हात मागे बांधून उभा होतो (मुकादम उभा राहतो तसा). बाबा मात्र मध्येच उठले आणि न जेवता आडवे झाले. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, “बुधाजीन माका कापल्यान.” भजनात पखवाजच नव्हता. कॅसेटची पेनड्राइव्ह करताना तुम्ही त्यांना गाळलंत, असं त्यांनी धरलं. आई गेल्यापासून संध्याकाळी तुमच्याशी फोनवर बोलणं हेच त्यांचं बोलणं. तेही बंद. फोन वाजला की खुर्ची भिंतीकडे फिरवायचे.

खरा प्रकार पाच दिवसांनी रुपालीमुळे कळला. तिची तक्रार अशी की बाहेर भजन लागलं की आत कोणीतरी मसाला कांडतंय. मी कान लावला, तर आत नुसता पखवाज. त्या पूजेला दोन माइक होते, एक तुमच्यापुढे, एक बाबांपुढे. त्यामुळे कॅसेटवर तुम्ही उजवीकडे, बाबा डावीकडे. म्हणजे मीच तुम्हाला गॅलरीत आणि बाबांना घरात (तेही बारीक) करून ठेवलं होतं.

बाबांना हाताला धरून आत आणलं, आतल्या स्पीकरपुढे बसवलं, आवाज वाढवला. पाऊण तास हलले नाहीत. एके ठिकाणी ठेका नुसताच फिरत राहिला, एक, दोन, तीन आवर्तनं, तेव्हा ते हसले. “हंय तो ओळ इसरलो. मियां धरून ठेवलंय.” (बाहेर आम्हाला वाटलं होतं, मामा दम घेतायत.)

आता दोन्ही आवाज दोन्हीकडे येतात, बाहेर मोठे, आत बारीक, आणि बटण माझ्याच पेन्सिलीच्या खुणेवर आहे. बाबांची एकच तक्रार आहे, मध्ये मध्ये बुधाजी येतो.

तुमचा,
चिंतामणी

ता.क. दोन्ही आवाज एकत्र करणारं ‘मोनो’चं बटण आकांक्षाने क्लासला जाता जाता दाबलं. मी बॅटरी धरली होती. गावात सांगताना तुमच्या नातीचा हा भाग गाळलात तरी चालेल.

आणखी ता.क. पुढच्या महिन्यात चाळीची पूजा आहे. बाबा आपणहून बोलावणार नाहीत, पण काल चपात्यांच्या वेळी त्यांनी रुपालीकडे कणकेचा गोळा मागितला. तिला वाटलं, भूक लागली. पखवाजाला लावायचा होता. मामा, तुम्ही याच.

शेवटचा ता.क. पत्र बंद करता करता बाबांनी हातातून घेऊन वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणाले, “तेका लिही, ओळ आठावली आसात तर ये.”