बायडाबाईला मी क्षमा केली आहे

९ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. मला लिहिता येत नाही, पण मुलाने, सुनीलने, मोबाईलवर माईकचं चित्र दाखवलंय. त्यावर डावा अंगठा ठेवून बोललं की मोबाईल लिहून घेतो. वाचताही येत नसल्यामुळे हे मीसुद्धा वाचणार नाही. इतकी खासगी वही अख्ख्या देवळालीत कोणाकडे नसेल.

काल चर्चच्या पायरीवरून पडले. पायऱ्या धुवायची पाळी बायडाबाईची. ही माझी धाकटी जाऊ, घराला घर लागून. माहेर दुष्काळी पाथर्डीकडचं, पाणी तांब्याने मोजून वापरणारी बाई, पण काल नेमकी साबणाची बादली ओतून मिसरी घासत बसली. माझं उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, या वयात हाड सावकाश जुळतं. मी म्हटलं, जावांचंही तसंच आहे.

पाळकसाहेबांनी यंदा उपवासकाळाला विषय दिलाय, ‘दुःखातून विश्वासात वाढ’. ईस्टरच्या पहाटे सगळ्या मंडळीपुढे साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. दुःख माझ्या गळ्यातच लटकलंय, वाढायला सहा आठवडे आहेत. नाव देऊन टाकलं.

ठराव एक: बायडाबाईला क्षमा करायची.
केली. वेळ दुपारी सव्वाबारा.

११ मार्च, मंगळवार
सुनील कारखान्यावर, सून मोनिका दवाखान्यात ड्युटीवर. मला भरवणार कोण, नेसवणार कोण? बायडाबाई दारात उभी राहिली. म्हणाली, “आक्का, मी हाय ना.” मी नको म्हटलं. मोनिका म्हणाली, मग गाऊन घालून उपाशी बसा.
सेवा करून घेणं हीसुद्धा नम्रताच. हो म्हटलं.
दुपारी तिने भाकरी कुस्करून कालवणात कालवली आणि घास पुढे केला. बोटांना मिसरीचा वास. डोळे मिटून गिळला. विश्वास एका घासाने तरी वाढला असणार.

१६ मार्च, रविवार
उपासनेत पाळकसाहेब प्रार्थनेच्या विनंत्या विचारतात. मी उठले. म्हटलं, माझी जाऊ बायडाबाई हिच्या हातून पायरीवर साबण राहिला, त्या साबणावरून मी पडले, तर तो साबण तिच्या मनाला खात असेल, तिच्यासाठी प्रार्थना करा.
साबण तीनदा आला. विषयच तो होता.
पुढच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. बायडाबाईने पदर नाकापर्यंत ओढला. एवढ्या मायेने तिचं नाव आजवर कोणी घेतलं नसेल. येताना रिक्षात तोंड रस्त्याकडे करून बसली. गहिवरली असेल.
दुपारी आमटीला मीठ नव्हतं.

२४ मार्च, सोमवार, सकाळी नऊ
प्लॅस्टरच्या आत खाज. वास असा की स्वतःचाच हात लांब धरावासा वाटतो. आत उलथनं घालून खाजवलं, मोनिकाने पाहिलं आणि उलथनं फेकून दिलं.
ठराव दोन: ईस्टरपर्यंत तोंडातून तक्रार काढायची नाही.

सकाळी सव्वानऊ
बायडाबाई वेणी घालताना केस ओढते. वर एकच गीत म्हणते आणि तेही बेसूर. तिसरी ओळ येत नाही म्हणून पुन्हा पहिलीवर येते. म्हटलं, देवाने कान दिलेत की नाही तुला? ही तक्रार नव्हे, चौकशी.

२ एप्रिल, बुधवार
आज एकूण तीनच गोष्टी तिच्या लक्षात आणून दिल्या. भाकरी जाड. पाणी कोमट. लुगडं ढिलं, चार पावलांत सुटेल. ती म्हणाली, “आक्का, तुमाला सोरगात बी भाकरी जाडच लागंल.” मी म्हटलं, सोरगात तू नसशीलच. म्हणजे चुलीपाशी नसशील, तिथं भाकरी कशाला थापशील, असं म्हणायचं होतं. तिने अर्धंच ऐकून तवा आपटला. या बाईला सहनशक्ती कमी.
माझी वाढतेय.

९ एप्रिल, बुधवार
बायडाबाई आली नाही. बारा वाजले, एक वाजला. मी मोनिकाच्या गाऊनमध्ये, त्यावर बदकं. भिंतीवर डाव्या हाताने थापा मारल्या. उत्तर नाही. बिस्किटाचा पुडा दाताने फोडला, निम्मा भुईवर. मुंग्या माझ्याआधी जेवल्या.
चार वाजता आली, भाकरी फडक्यात बांधून. डोळे लाल, अंगात ताप. म्हणाली, “उठवंनाच हुतं, आक्का.” ताप होता तर निरोप पाठवायचा. आजारी असून भाकरी करायची म्हणजे काय? मोठेपणा मिरवायचा.
भाकरी आज पातळ होती. मी काही बोलले नाही. ठराव दोन पाळला.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार, ईस्टरला आठवडा
साक्ष तयार. बायडाबाई तांदूळ निवडत होती, तिलाच म्हणून दाखवली. घड्याळात बघितलं तर अकरा मिनिटं झाली. पायरीपाशी मी थांबते, साबणापाशी आवाज भरून येतो, क्षमेपाशी सगळी मंडळी रडेल एवढी जागा ठेवली आहे.
कशी आहे विचारलं. म्हणाली, “लई बेस. त्यात शेवटी मी मरत न्हाई का?”
काय तोंड आहे!

१९ एप्रिल, शनिवार
प्लॅस्टर काढलं. आतून हात निघाला तो माझा वाटेना. सुकलेला, पांढरट, कातडीचे पोपडे लोंबत होते. डॉक्टरांच्या नर्सनेही तोंड फिरवलं. घरी बायडाबाईने कोमट पाण्यात बुडवून तो हात चोळला, पोपडे बोटांनी काढले, खोबरेल लावलं. मला माझ्याच हाताची शिसारी आली, तिला आली नाही.
बेशरम बाई.
उद्या साक्ष. झोप येणार नाही, पण तीही साक्षीत घालता येईल.

२० एप्रिल, ईस्टर, सकाळी दहा
घडलं ते सांगते.
पहाटे साडेचारला मंडळी भरली. मी पहिल्या बाकावर, उजवा हात सगळ्यांना दिसेल असा. पाळकसाहेब म्हणाले, यंदा साक्षी दोन. आधी बायडाबाई. मला कोणी बोललं नव्हतं.
ती उभी राहिली. पदराचं टोक पिळत म्हणाली, “साबण माझाच राह्यला. म्हनून आक्कांकडं गेले. ठरिवलं हुतं, आठ दिस करू आन् सुटू. आक्का बोलायच्या, मी घरी यून भांडी आपटायची. देवाला म्हनायची, ह्यांचा हात लवकर बरा कर, न्हाईतर तोंड तरी बंद कर. देवानं दोन्ही केलं न्हाई. मग म्हनलं, देवा, मलाच बरं कर.”
मंडळी हसली. पाळकसाहेबही हसले. ती म्हणाली, “आता त्यांचा राग यीत न्हाई. कवा कवा येतो. मग मी अजून एक भाकरी थापते.” मंडळीने आमेन म्हटलं. माझ्या नावाला अख्ख्या आयुष्यात एवढ्या मोठ्याने आमेन झालं नव्हतं.
म्हणजे सहा आठवडे दुःख भोगत होती ती. आणि दुःख मी.
मग माझं नाव पुकारलं. अकरा मिनिटं तोंडपाठ. उठले. पायरी आठवली, साबण जिभेवर आला. समोर बायडाबाई बसली होती. तिच्या बोटांच्या चिरांत माझ्या हाताचं तेल अजून दिसत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, “ती सांगती ते खरं हाय.” आणि खाली बसले. पाळकसाहेब वाट बघत राहिले. मी उठले नाही.
मग भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनाला बोलावलं. भांडण मनात धरून त्या मेजापाशी जायचं नसतं, हे मीच गेली तीस वर्षं मंडळीतल्या सुनांना सांगत आलेय. मी बाकावर बसून राहिले. सगळ्यांनी पाहिलं.

दुपारी दोन
घरी आल्यावर तिच्या दारात गेले. ती मोरीत भांडी घासत होती. म्हटलं, बायडे, माझं चुकलं.
म्हणाली, “काय म्हनल्या, आक्का? पान्याच्या आवाजात ऐकू यीना.”
ऐकू येत होतं तिला. चांगलं येत होतं. नळ बंद केला नाही.
पुन्हा म्हटलं, ओरडून. समोरची रंगुबाई दारात आली, तिची नातवंडं आली, दूधवाला गाडी थांबवून बघत राहिला. आता सगळ्या गल्लीला माहीत आहे की माझं चुकलं.
माझीच मला किळस आली, त्या हाताची आली होती तशी.