गोलकीपरची दृष्ट

शॉमबर्ग, बुधवार

ती. अक्कास बंडूचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. इथे परदेशात येऊन महिना होत आला तरी दिवस कुठला नि रात्र कुठली याचा मेळ लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींनी गोड सोडलं का? (सोडलं नसेल. माझं नाव सांगून दटाव.) मी ठीक आहे, पण जिवाला स्वस्थता नाही.

आपल्या हिमानीची लेक केया सिनेमाच्या कंपनीत लागली. पहिलीच नोकरी. सिनेमा सदा हरणाऱ्या एका हॉकी संघाचा, आणि म्हणे विनोदी. (ही हॉकी बर्फावर खेळतात. चेंडू नाही, रबराची काळी चकती असते.) प्रेक्षकांत माणसं कमी पडली म्हणून केयाने मलाही नेलं. मी स्वेटरवर स्वेटर चढवून बसलो.

खेळ सुरू झाला. चकती आली आणि गोलकीपरच्या पायांतून आत गेली. हा टायलर नावाचा पोरगा, अंगाने कपाटाएवढा, तोंडावर मात्र वासराचा भाबडेपणा. सगळे परत जागेवर गेले, परत तशीच चकती, परत तोच गोल, हा परत तसाच पालथा. सकाळभर हेच! माणूस एकाच तऱ्हेने पुन्हा पुन्हा पडतो, याचा अर्थ आईने आपल्याला एकच शिकवला आहे. एवढं धिप्पाड पोर, नजर लागणारच. (सिनेमात पसंत पडेपर्यंत तोच गोल परत परत करतात, हे केयाने मला नंतर सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?)

दुसऱ्या दिवशी हिमानीच्या डब्यांतून मीठ, मोहरी, मिरच्या घेऊन पुडी बांधली. जेवणाच्या सुट्टीत टायलरला बाकावर बसवलं आणि आल्यागेल्याची, बर्फावरच्याची, कॅमेऱ्यामागच्याची अशी सगळ्यांची दृष्ट काढली. पोरगा डोळे मिटून शहाण्यासारखा बसला, वर थँक यू म्हणाला. विस्तव कुठे मिळणार? पुडी पार्किंगमधल्या बर्फात पुरली आणि मागे न बघता परत आलो. (पुढेही नीट बघितलं नाही, काचेच्या दारावर आपटलो.)

अक्का, त्यानंतर त्याने एक चकती आत जाऊ दिली नाही! तो काही नट नव्हे, इथल्याच खालच्या लीगमधल्या संघाचा खरा गोलकीपर आहे, आणि तो संघही खरोखरच तळाला आहे. डिरेक्टर ओरडतो, आत जाऊ दे. हा म्हणतो, जाऊ द्यायचं मी ठरवतो, पण पाय आपोआप आडवा जातो. आता संघ हरल्याशिवाय सिनेमा पुढे सरकेना. केया रडकुंडीला आली. "आजोबा, तुम्ही जे केलं ना, ते अन-डू करा यार! माझा जॉब जाईल." (आजोबाला यार म्हणते. हिमानीला सांगितलं तर ती हसते.)

असो. तू काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
बंडू

ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. काढलेली दृष्ट परत लावता येते का? उलटं ओवाळायचं का? शुक्रवारी तोच गोल परत आहे. पण लावायची ती हलकी सांग, शनिवारी काढता येईल अशी. रविवारी टायलरची खरी मॅच आहे. तीही हरला तर त्याला संघातून काढणार आहेत.

आणखी ता. क. आत्ता हिमानी नाचणीचा डबा हलवून विचारते आहे की निम्मी कुठे गेली. उघडून बघितला. अक्का, मोहरी समजून मी नाचणी नेली होती! मग मी काढलं ते काय, आणि पोरगा अडवतो ते कशाच्या जोरावर? इकडे तो रविवारी पुन्हा काढा म्हणून मागे लागला आहे. केया या पत्राचा फोटो भाऊजींच्या फोनवर पाठवते आहे. परत लावायची रीत, आणि रविवारी पुडीत मोहरी बांधू की नाचणी, दोन्ही शुक्रवारच्या आत कळव. वाट बघतो आहे.