पाणी खारं असल्याचा दाखला

८ एप्रिल
आज पाण्याच्या परवानगीच्या ऑफिसातून तिसऱ्यांदा परत पाठवलं. साहेबांना नकाशाच्या चार प्रती हव्यात, मी तीन नेल्या. चौथीत काय वेगळं दिसणार होतं कोण जाणे. मामा म्हणाला, डोकं घरी ठेवून जात जा.
कॉलेज सोडल्यापासून मामाचे कागद घेऊन हिंडणं हेच माझं काम. मामा खारं पाणी गोडं करायची मशिनं बसवतो. आताचं काम समुद्राकडच्या गावचं. तिथे एक सरकारी बोअर आहे, पाणी खारं म्हणून कधीची सोडून दिलेली. तिच्यावर मशीन बसवायचं, गावाला प्यायला पाणी द्यायचं. सरकारचीच बोअर, सरकारचंच गाव, तरी परवानगी हवी. तोवर आठवड्यातून दोनदा टँकर, आणि प्लास्टिकच्या घागरींची, इथल्या कुडमांची, रांग शाळेपर्यंत.

११ एप्रिल
सॅम्पल आणायला गेलो. पंचायतीच्या अध्यक्षीण सेल्वी अक्कांनी स्वतः हापसलं. धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाल्या, जपून ने, तंबी, गावाचा जीव आहे बाटलीत.
एक घोट घेतला. आत ठेववेना. समुद्रच तो.
सगळ्या वाटेत एकच विचार. हे पाणी नापास होणार. आणि नापास करणार कोण, तर व.! त्याच ऑफिसच्या लॅबमध्ये तात्पुरत्या नोकरीवर लागलीय ती. कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर असायची. मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, ती पुढे निघून गेली. माझ्या अक्षरातलं लेबल ती वाचणार आणि खाली लिहिणार, पिण्यास अयोग्य.
मोपेड घराकडे वळलीच नाही. सरळ आत्त्याच्या गावी, तिरुवैयारूला. तिच्या विहिरीचं गोडं पाणी, कावेरी हाताच्या अंतरावर. बाटली रिकामी केली, भरली.
आत्त्यानं विचारलं, काय रे, औषधाला का? हो म्हटलं.

१२ एप्रिल
बाटली व.नेच घेतली. लेबल वाचलं. "अक्षर सुधारलंय," म्हणाली. बास, एवढंच. दिवसभर तेवढंच घोळतंय डोक्यात. मूर्ख.

२१ एप्रिल
नामंजूर.
कारण वाचून आधी कळेचना. पाणी गोडं आहे म्हणून! त्या भागात आधीच उपसा जास्त झालाय, तिथे गोड्या पाण्याला नवी परवानगी बंद. खारं असतं आणि शुद्ध करून प्यायला द्यायचं असतं, तरच देता येते. हे अर्जाच्या मागच्या पानावर छापलेलं आहे. मागचं पान कोण वाचतं?
काउंटरवर नको ते बोललो. पाणी चांगलं निघालं म्हणून लोकांना तहानलं ठेवता, हा कुठला कायदा. साहेब शांतपणे म्हणाले, "तंबी, सॅम्पल तूच आणलंस ना?" मी आणखी चढलो. शिपायानं हाताला धरून बाहेर काढलं.
व. आतून काचेतून बघत होती.

२२ एप्रिल
सेल्वी अक्का कुडम घेऊन बसनं आल्या. सरळ साहेबांच्या टेबलावर तांब्या ठेवला. म्हणाल्या, गोडं आहे ना, मग प्या, मी पण बघते. साहेब ओठ लावून थांबले. पण कुडमातलं पाणी सॅम्पल होत नाही म्हणे. सॅम्पल घेताना चूक झाली असं ज्यानं घेतलं त्यानं लिहून द्यायचं, तरच पुन्हा तपासणी. नाहीतर अर्ज पुढल्या वर्षी.
बाहेर आल्यावर अक्का माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, तू आमच्यासाठी भांडलास काल, शिपाई सांगत होता.
कुडम बसपर्यंत मी उचललं. 

२४ एप्रिल
व. शहरातल्या जुन्या राजवाड्याच्या बाहेर भेटली. तीच थांबली, मी नाही.
"रघु, ते पाणी तुझ्या आत्त्याकडचं ना?"
म्हटलं, तुला काय माहीत.
"कॉलेजात सगळ्यांनी आपापल्या घरचं पाणी तपासलं होतं. तू आत्त्याकडचं आणलं होतंस, त्या बाटलीचे आकडे मी केले होते. अजून वहीत आहेत."
मग मी काय काय बोललो. तुमचं ऑफिस, तुमची पानं, तू पण त्यांच्यातलीच झालीस. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. तू लिहून दे." आणि गेली.
तुझ्यासाठीच केलं, हे सांगायचं राहिलंच. बरं झालं राहिलं. ऐकून तिनं काय केलं असतं.

२५ एप्रिल
इथे तरी खरं लिहितो. कॉलेज मी सरांनी अपमान केला म्हणून सोडलं, असं सगळ्यांना सांगत आलो. पुढच्या एका प्रयोगाची वही बघून सर म्हणाले होते, हे आकडे तू घरी बसून लिहिलेस. मी वही फेकली, निघून आलो.
आकडे घरी बसूनच लिहिले होते.

२८ एप्रिल
पत्र दिलं. तमिळमध्ये, चार वेळा फाडून. बाटलीतलं पाणी मी बदललं, मामाला माहीत नव्हतं. खाली सही.
साहेबांनी दोनदा वाचलं. मामाचं नाव ठेकेदारांच्या सरकारी यादीतून काढायचं की नाही ते वर ठरेल. आता सॅम्पल ऑफिसची माणसं घेतील, मी बोअरजवळ दिसलो तर तेही रद्द. आणि जाता जाता ऐकवलं की फारच खारं निघालं तरी परवानगी नाही. गाळून उरलेलं मिठाचं पाणी सोडणार कुठे, कालव्यात? हे कुठल्या पानावर आहे ते विचारलं नाही.
पोच व.ने दिली. शिक्का मारला, तारीख घातली. मान वर केली नाही.
मामानं पत्राची प्रत वाचली, घडी घालून खिशात ठेवली. जेवताना मीठ मागितलं, तेही आईकडे.

६ मे
ऑफिसची जीप सॅम्पल घ्यायला गेली, मागून मी मोपेडवर. कालव्याच्या बांधावर थांबलो. कालवा कोरडा. तिथून बोअर दिसते, आवाज येत नाही.
सेल्वी अक्का हापसत होत्या. आज सकाळी त्यांना मीच सांगितलं सगळं. त्यांनी शिवी दिली नाही, फक्त म्हणाल्या, आज तू लांब राहा.
व.ने बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळली, ओतली, मग भरली. झाकण लावलं, सील केलं. अक्षर आज तिचं.
मग ओंजळीत थोडं घेतलं आणि चाखलं.
तोंड वाकडं केलं तिनं. एवढ्या लांबूनही दिसलं. मी बांधावर एकटाच हसलो.
आता मात्र तेच डोळ्यांपुढे येतंय. किती वाकडं होतं? पुरेसं, की फारच?