नावाची बाजू भिंतीकडे

आई,

चिंच पाव किलो, साठ रुपये. पांढरी चादर नवी, साडेतीनशे. घरातली चालली असती, पण सूनबाई म्हणाली फोटोत पिवळट दिसते. जाड कागदाची कोरी कार्डं, दोनशे चाळीस. झेंडू चैत्रात महाग, ऐंशी. कैऱ्या, हरभरे आणि गूळ सोसायटीच्या वर्गणीतून, ते वेगळं. एवढं सामान या आठवड्यात घरात आलं आणि ते सगळं तुझ्या एका पातेल्यासाठी आलं. तू असतीस तर चिंचेपाशीच अडली असतीस. म्हणाली असतीस, राख काय महाग झाली का गं? राख आता मिळत नाही, आई. कोथरूडला चौथ्या मजल्यावर चूल कुठली आणि राख कुठली.

आमच्या सोसायटीत दर वर्षी खालच्या हॉलमध्ये चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौर झोपाळ्यावर बसते, पुढे आरास, डाळ, पन्हं. यंदा सूनबाई कमिटीत आहे. ती नोकरी करते, घाईत असते, पण मनानं चांगली आहे. तिनं ठरवलं की आरास करायची ती जुन्या स्वयंपाकघराची, प्रत्येक घरानं एक वस्तू आणायची. मला म्हणाली, "आई, तुमच्या आईचं ते पितळी पातेलं आपण शोकेस करू या." मी म्हटलं, "शोकेसमध्ये मावायचं नाही गं ते. वरच्या कप्प्यातल्या ट्रॉफ्या काढाव्या लागतील." ती इतकी हसली. "अहो आई, त्या शोकेसमध्ये नाही. शोकेस करायचं. म्हणजे लोकांपुढे मांडायचं."

मला शोकेस म्हणजे काचेचं कपाट एवढंच ठाऊक. तुझ्या घरी तेही नव्हतं. होती ती मांडणी, आणि तिच्यावर असायचं ते सगळं रोजच्या वापरातलं. शोकेस होतं ते प्रभात रोडच्या बंगल्यात, जिथे तू पोळ्या करायला जायचीस. तू येऊन सांगायचीस, "त्यांच्याकडे कपबशा काचेत कोंडून ठेवल्यात. बिचाऱ्यांना चहा ठाऊक नाही." आणि मग आम्ही सगळेच हसायचो. मी मॅट्रिकला इंग्रजीत जेमतेम निघाले, पण कोणतं नाम आणि कोणतं क्रियापद एवढं अजून समजतं. म्हणून दुपारी फोनमध्ये अर्थ बघितला. आधी काचेचं कपाट. मग एखादा कार्यक्रम, ज्यात उत्तम असेल ते पुढे आणतात. शेवटी क्रियापद: एखाद्याची चांगली बाजू लोकांना दिसेल असं मांडणे. वापरून दाखवायला वाक्यंही दिली होती. कुणी आपली कला शोकेस करतं, कुणी आपलं शहर. दुसरी बाजू कुठे ठेवायची, ते मात्र एकाही वाक्यात नव्हतं.

तुझ्या पातेल्याला दोन बाजू आहेत हे तुला सांगायला नको. एक कोरी. दुसरीवर काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं त्या बंगल्याचं आडनाव, त्यातली एक वेलांटी घसरलेली. मी चिंचेनं घासून सोन्यासारखं केलं, हॉलमध्ये नेलं, चादरीवर ठेवलं आणि नावाची बाजू भिंतीकडे केली. हात आपोआप तसा गेला. सूनबाईनं पुढे कार्ड ठेवलं, त्यावर छान अक्षरात लिहिलं होतं, "सासूबाईंच्या आईचं पातेलं." तिला नावाचं काही माहीत नाही. तू पोळ्या करायला जायचीस, हेही मी या घरात कधी सांगितलेलं नाही. सासरी निघाले तेव्हा तू म्हणाली होतीस, विचारलं तर सांग. कुणी विचारलं नाही. विचारू नये अशा बेतानं मी बोलत राहिले.

संध्याकाळी बायका आल्या. हॉल गच्च भरला, खसाचं अत्तर, मोगरा, पन्ह्याचे ग्लास. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडे तिची आई राहायला आलेली आहे, माझ्याच वयाच्या बाई, चष्मा दोरीला अडकवलेला. त्या एकेक वस्तू हातात घेऊन बघत येतात. पुरणाचं यंत्र, खलबत्ता, कुणाची तरी बरणी. मग तुझं पातेलं उचलतात, जुन्या बायका उचलतात तसं, वजन बघायला. आणि फिरवतात.

"अगं बाई!" त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "हे तर आमचं आडनाव! माझ्या माहेरचं. ही बघा वेलांटी. आमच्या सगळ्या भांड्यांवर ती अशीच पडलेली होती, आई त्या कोरणाऱ्याला किती बोलली होती!" मग माझ्याकडे वळून, अगदी आनंदानं, "अहो, तुमच्याकडे कसं आलं हे? आमच्याकडे पोळ्या करायला एक बाई यायच्या, नारायण पेठेतून. त्या यात पीठ भिजवायच्या. मी पुढ्यात बसून गोळे चोरायची."

आई, त्या तुझ्याबद्दल बोलत होत्या. मी त्यांना ओळखलं नाही. त्या बंगल्याच्या फाटकाच्या आत तू मला कधी येऊच दिलं नाहीस. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तू बसलेली होतीस, याच पातेल्यापुढे, आणि मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की त्या माझ्या आई. बाजूला सेक्रेटरीबाई फोन धरून व्हिडिओ घेत होत्या. भजनी मंडळातल्या तिघी होत्या, ज्यांच्यात मी सगळी स्तोत्रं पाठ असलेली, सोवळ्याओवळ्यातली म्हणून जरा मान राखून असते. मी म्हटलं, "जुन्या बाजारात घेतलं."

त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनीच माझ्या उत्तराचा अर्थ लावला, अगदी सहज. "जुन्या बाजारात? मग बरोबर. आई नेहमी म्हणायची, मोठं पातेलं गेलं कुठे. त्या बाईंनीच नेऊन विकलं असणार. अडचण असेल हो बिचाऱ्यांची. पण मागितलं असतं तर आईनं दिलं नसतं का?"

"अडचण कसली," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "तेव्हाच्या बायकाही काही कमी नव्हत्या. आम्ही आत्ताच्यांना उगाच नावं ठेवतो."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आई. हातात पन्ह्याचा ग्लास होता, तो खाली ठेवला नाही, सांडला नाही. तुला चोर म्हटलं आणि मी दुसऱ्या बाईला डाळ वाढली.

घरी आल्यावर सूनबाईनं पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मी बाजार म्हटलं त्या क्षणीच तिनं ते उचललं होतं, म्हणून त्या बाईंना ते दिसलं नाही. मला वाटलं आता बोलेल. ती कुकर लावायला गेली, तिथूनच म्हणाली, "आई, पोळ्या करायच्या, यात लपवण्यासारखं काय होतं?"

"तुला नाही कळायचं."

"नाही कळत. आपल्याकडे मावशी येतात, त्यांच्या मुलीनं उद्या त्यांना ओळख दाखवली नाही तर तुम्हीच तिला चार शब्द सुनवाल." मग हळू, "त्या बाई सोमवारी बंगळूरला परत जाणार आहेत. सांगायचं असेल तर त्याआधी." एवढंच. तिनं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून पूजेला बसते, हात चालतात, मंत्र चालतात, आणि मध्येच तू चालत येतेस. मला तो दिवस पक्का आठवतो. मी ओट्याशी उभी आहे, तू दारातून आत येतेस, पदर पुढे घेतलेला, पदराखाली काहीतरी मोठं. पातेलं काढून खाली ठेवतेस आणि म्हणतेस, "वहिनींनी दिलं. तुझ्या लग्नात लागेल." मी विचारलं, "असंच दिलं?" तू म्हणालीस, "असंच म्हणजे? मी काय तिथे बसून असते?" आणि पाणी प्यायला गेलीस. आता मी त्या पदराकडे पुन्हा पुन्हा बघते. ऊन होतं म्हणून पदर घेतला असेल. पितळ तापतं. का रस्त्यात कुणी बघू नये म्हणून? ज्या वहिनींनी ते दिलं, त्याच पुढे मुलीला म्हणत राहिल्या की पातेलं गेलं कुठे, हे कसं? विसरल्या असतील. म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं. माझंही होतं. कुणाला दिलेली वस्तू मी कपाटात शोधते.

आणि लगेच दुसरं आठवतं. माझी मैत्रीण अभ्यासाला येणार होती, त्याच रस्त्यावरच्या बंगल्यातली. मी मांडणीवरचं पातेलं फिरवून ठेवलं. तू भाकरी थापत होतीस. उठलीस, पिठाच्या हातानं ते पुन्हा सरळ केलंस, काठावर पिठाची बोटं उठली. "नाव दिसलं तर तुला काय भोकं पडतात? ज्यांनी दिलं त्यांचं नाव दिसायलाच पाहिजे." मैत्रीण आली, तिनं वाचलं आणि वही उघडली. तुझ्या हयातीत ते नाव कायम बाहेरच्या बाजूला राहिलं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडासमोर. पळवून आणलेली वस्तू कुणी अशी ठेवतं का? मी स्वतःला हे विचारते आणि माझं समाधान होतं. दुपारपर्यंत टिकतं. मग पुन्हा तो पदर.

माझी लाज कुठे आहे ते मला नीट सांगता येत नाही. पोळ्यांची लाज होती, ती आता वाटेनाशी झाली; गंमत म्हणजे त्या बाईंनी "गोळे चोरायची" म्हटलं त्या क्षणीच ती गेली होती, आणि तरीही तोंडातून बाजार निघाला. चार बायकांत तुला चोर ठरवलं, ती एक. आणि त्या बाईंचं बोलणं ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते "खोटं आहे" असं आलं नाही, "खरं असेल का" असं आलं. ही लाज वेगळी आहे. ही कुणी बघितली नाही, म्हणून जास्त.

काल मी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले होते. पातेलं पिशवीत घेतलं होतं. आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, नातीशी काहीतरी चाललेलं. बेल वाजवली नाही. वर आले आणि सूनबाईला म्हटलं, घरी नव्हत्या. तिनं पिशवीकडे बघितलं आणि चहा टाकला.

उद्या रविवार. उद्या जाणार, हे नक्की. पातेलं त्यांच्यापुढे ठेवीन, नावाची बाजू त्यांच्याकडे करून, आणि म्हणेन, तुमच्याकडे पोळ्या करायला यायच्या त्या माझ्या आई, मी त्या दिवशी खोटं बोलले. हे सांगायला मला कुणाला काही विचारायला नको. पुढचं वाक्य अवघड आहे: तुमच्या आईंनी हे पातेलं तिला दिलं होतं. ते म्हणताना माझा आवाज कापला तर सगळं व्यर्थ. म्हणून हे लिहायला बसले. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही हे मला कळतं, तितकी म्हातारी अजून झाले नाही.

पण एक सांगून ठेवते, आई. तुझं उत्तर काहीही असलं तरी मी त्यांना दिलं होतं असंच सांगणार आहे. न अडखळता. देवाला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तरी मला एकटीला खरं काय ते कळव. दोन ओळी पुरेत. उलट टपाली कळव. ते पत्र मी कुणाला दाखवणार नाही.